ओल्या कचऱ्याच्या टाक्यांना वास का सुटतो? या चुका टाळा

जगात २०१६ साली सुमारे २०१ कोटी टन शहरी घनकचरा निर्माण झाला आणि २०५० पर्यंत तो वर्षाला ३४० कोटी टनांवर जाईल, असा जागतिक बँकेचा २०१८ मधला अंदाज होता. कचरा डेपोंवरचा भार हलका व्हावा म्हणून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगतात. कचरा कुजवून खत करायच्या टाक्या बसतात, महिनाभर उत्साह टिकतो, मग वास सुटतो आणि टाक्यांना कुलूप लागतं. दोष कचरा कुजवणाऱ्या जंतूंवर ढकलला जातो. खरं तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं आणि हवा कमी.

टाक्या कमी घेणं

रोजचा १०० किलो ओला कचरा साधारण २०० लिटर भरतो. त्यात तेवढाच पालापाचोळा. मिसळल्यावर पोकळ्या भरून ३०० लिटरच्या आसपास माल होतो. तो ४५ दिवस कुजायचा आहे. दरम्यान हळूहळू निम्म्यापर्यंत खाली बसतो हे धरलं, तरी सुमारे १० घनमीटर जागा लागते. म्हणजे १ घनमीटरच्या दहा टाक्या, शिवाय माल उलटवायला दोन रिकाम्या. चारच टाक्या घेतल्या, तर विसाव्या दिवशी अर्धकच्चा माल उपसावा लागतो आणि तो बाहेर घाण मारतो.

पालापाचोळ्यात हात आखडणं

स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ७० ते ८० टक्के पाणी असतं. कुजण्यासाठी हवं ५० ते ६० टक्के. हा फरक सुक्या मालानेच भरून निघतो. एक बादली कचऱ्याला एक बादली चुरलेली सुकी पानं, फळांच्या साली जास्त असतील तर दीड. मग मूठभर मिश्रण घट्ट पिळा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पानं वाढवा. मूठ उघडताच माल भुरभुरला तर पाणी शिंपडा. सुक्या पानांत कार्बन जास्त, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन; कुजण्यासाठी लागणारं कार्बन-नायट्रोजनचं २५-३० ला १ हे प्रमाण पानांमुळेच साधतं.

पानगळ मात्र एकाच हंगामात होते. तेव्हाच वर्षभराची पोती भरून कोरड्यात ठेवली नाहीत, तर पुढे दर महिन्याला भुश्यासाठी धावाधाव ठरलेली.

वास आला की कल्चर (कुजवणाऱ्या जंतूंचं विकतचं पाकीट) ओतणं

आधी वास ओळखा. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा नाही: माल पूर्ण उलटवा, पानं मिसळा, तळाची निचऱ्याची भोकं मोकळी करा. नाकाला झोंबणारा अमोनियाचा असेल तर नायट्रोजन जास्त झालाय, भुसा किंवा पानं घाला. माश्या, अळ्या दिसल्या की उघडा कचरा पानांच्या चार बोटं थराने झाका. कोंदलेल्या टाकीत कितीही पाकिटं ओतली तरी फरक पडत नाही. सुगंधी पावडरीबद्दल तर न बोललेलंच बरं.

तापमान न पाहणं

लांब दांड्याचा तापमापक मधोमध खुपसा. ५५ अंश सेल्सिअसच्या वर सलग किमान तीन दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी बहुतांशी मरतं. ७० कडे गेलं तर उपयोगी जंतूही मरतात, लगेच उलटवा. तापतच नसेल तर ढीग बहुधा फार छोटा आहे. मीटरभर उंचीखाली उष्णता टिकत नाही.

मशीनमधून निघालेल्या भुकटीला खत समजणं

२४ तासांत खत देतो म्हणणारं यंत्र बहुतेकदा कचरा फक्त वाळवून दळतं. वस्तुमान घटतं, पण कुजणं सुरूही झालेलं नसतं. भुकटी ओलसर करून बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला किंवा हाताला गरम लागली, तर ती कुंड्यांत घालू नका, मुळं जळतात. पानांसोबत टाकीत आणखी महिनाभर कुजवा, उलटवल्यावरही तापायची थांबली की मगच चाळा.