चेनसॉ शिकायची तर आधी कानस धरा

आमच्या विदर्भात धुऱ्यावरच्या बाभळी म्हणा, वाळलेल्या संत्र्याच्या बागा म्हणा, आता कुऱ्हाडीनं कोणी काढत नाही, चेनसॉवाला, म्हणजे इंजिनाच्या साखळी-करवतीवाला, बोलावतात. त्यामुळे गावोगावची पोरं या कामाकडे वळली आहेत. दोरी ओढून मशीन चालू करता आली की झालो कटरवाले, असं त्यांना वाटतं. खरं तर चालू करणं हेच यातलं सगळ्यात सोपं काम. माझ्याकडे कोणी शिकायला आलं, तर मी त्याच्या हातात आधी कानस देतो.

धार असली की चेन स्वतःच लाकडात ओढली जाते आणि खाली जाडसर कीस पडतो. कीस जाऊन भुकटी पडायला लागली, धूर दिसू लागला, म्हणजे धार गेली. नवखा माणूस इथेच मशीनवर अंगाचा भार टाकतो. मग काप अचानक सुटतो आणि चालू बारसकट (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) तो पुढे झुकतो. त्यापेक्षा टाकी भरायला थांबाल तेव्हा प्रत्येक दातावर कानसेचे दोन-तीन हात मारा. कानस पुढे ढकलताना घासायची, मागे आणताना उचलायची. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की काप तिरपा जातो. कानसेची जाडी चेनप्रमाणे बदलते. पॉइंट 325 इंच पिचची (कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन असेल तर 4.8 मिलिमीटरची लागते.

धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीत हमखास कुंपणाची तार निघते. सालीनं ती कधीच गिळलेली असते. कापात निळसर-काळा डाग दिसला की थांबा, जागा बदला. मालकाला विचारायचं जरूर, पण त्याच्या 'नाही' वर जाऊ नका. तार बहुतेक त्याच्या बापानं ठोकलेली असते!

बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. हा किकबॅक इतका झटपट होतो की सावरायला वेळच नसतो. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांडीखालून वळवलेला, मान बारच्या रेषेत नाही, आणि खांद्याच्या वर कधीच कापायचं नाही. चेन जागीच थांबवणारा चेन ब्रेक रोज तपासा. ब्रेक खराब असलेली मशीन कोणी भाड्यानं फुकट दिली तरी घेऊ नका.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) किती ते मशीनच्या पुस्तकात बघा. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली. चेनला मात्र जळालेलं ऑइल घालू नका, ते चेनला धरत नाही. मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतणं म्हणजे आगीला बोलावणं. गळ्यातला दुपट्टा घरी ठेवा. हेल्मेट, जाळी, कानाला मफ आणि बूट पाहिजेतच. चेनसॉची खास पँट महाग वाटते, पण तिच्यातले धागे चेनमध्ये गुंतून मशीन अडवतात. जीन्सला ते जमत नाही.

उभं झाड पाडण्याआधी वर बघा: कल कुठे आहे, वाळकी फांदी अडकली आहे का, मोटारपंपाची वीजतार किती लांब आहे. झाडाच्या दुप्पट उंचीच्या अंतरात माणूस-जनावर नको. पडायच्या बाजूला बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खाच घ्या, मग मागून किंचित वरच्या अंगानं काप द्या. मध्ये जाडीच्या दहाव्या भागाइतकी न कापलेल्या लाकडाची बिजागरी राहू द्यायची, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या बुंध्याला 3 सेंटिमीटर. तीच झाडाला दिशा देते. घाईत ती कापून टाकली की झाड वाट्टेल तिकडे जातं. झाड हललं की तिरपं मागे सरका. सरळ मागे नाही, कारण बुंधा तिकडेच उसळतो. ती वाट कापायच्या आधीच झुडपं काढून मोकळी करून ठेवा.

आणि सागवान, मोह, आंबा, चिंच असेल तर मालकी शेतातलं असलं तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. 'कागद मागून येतो, तुम्ही सुरू करा' म्हणणारे पुष्कळ भेटतात. कागद हातात येईपर्यंत मशीन गाडीतून खाली उतरवूच नका.