जंताची गोळी: किती, कशी, परत कधी

अल्बेंडाझोल 1 ते 2 वर्षांच्या लेकराला अर्धी गोळी (200 मिलिग्रॅम), त्यापुढे पूर्ण 400, एकदाच. लहानग्यांना चुरून पाण्यात द्या. मोठ्यांनी चावून खावी. अख्खी गिळताना घशात अडकू शकते. ताप असेल तर थांबा. नागपुरातही अंगणवाडीत, शाळेत ती फुकट मिळते. तिथे घेतली असेल तर घरी पुन्हा नको.

रात्री गुदद्वाराशी खाज सुटते? बहुधा सूतकृमी. गोळीने त्यांची अंडी मरत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारून 2 आठवड्यांनी दुसरा डोस, तोही घरातल्या सगळ्यांना. त्याच दिवशी चादरी, चड्ड्या गरम पाण्यात, नखं कापलेली.

गोड खाल्ल्याने जंत होतात, हे खोटं. न धुतलेल्या सांबार (कोथिंबीर)-पालकातून होतात. अंकुशकृमी तर पावसाळ्यात अनवाणी पायातून शिरतो.