जुनं नोटिफिकेशन हटतच नाही? पुश अपडेट करताना या चुका टाळा

समजा गोव्यातल्या फेरीबोटीचे अपडेट देणारं एक ॲप आहे. सकाळी मुसळधार पावसात रायबंदर-चोडण मार्गावर "फेरी बंद" असं नोटिफिकेशन गेलं, थोड्या वेळाने "फेरी चालू" गेलं. चोडणच्या माणसाने फोन बघितला तर दोन्ही एकाखाली एक, आणि त्यातही "बंद" वर. तो बिचारा मयेवरून वळसा घालून पणजीला निघणार आणि ॲपला शिव्या घालणार, आणि त्याचं काही चुकलं नाही.

मेसेज दोन ठिकाणी बदलता येतो हेच बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. एक म्हणजे सर्व्हरच्या रांगेत, फोन ऑफलाइन असताना, आणि दुसरं म्हणजे फोनच्या स्क्रीनवर, एकदा येऊन बसल्यावर. अँड्रॉइडला एफसीएममधून (गुगलची पुश मेसेज पाठवायची सेवा) पाठवताना रांगेसाठी कोलॅप्स की आणि स्क्रीनसाठी टॅग, हे दोन वेगळे फील्ड आहेत. लोक कोलॅप्स की टाकतात आणि मग म्हणतात रिप्लेस का होत नाही. अरे बाबा, फोन ऑनलाइन होता, पहिला मेसेज कधीच पोचला, आता कोलॅप्स की काय करणार? तिथे टॅगच पाहिजे.

आणि टॅग टाकूनही दोन दिसत असतील तर हे बघा. ॲप बॅकग्राउंडला असताना एफसीएमचा एसडीके (ॲपमध्ये बसवलेला त्यांचा तयार कोड) स्वतः नोटिफिकेशन दाखवतो, तो तुमचा टॅग आणि आयडी (नोटिफिकेशनचा नंबर) शून्य वापरतो. ॲप समोर उघडं असेल तर तुमचा कोड दाखवतो, आणि तिथे कोणीतरी हमखास आयडी म्हणून करंट टाइम टाकलेला असतो. अँड्रॉइड टॅग आणि आयडी ही जोडी बघतो, दोन्ही जुळलं तरच जुनं जातं. म्हणजे तुमच्या कोडमध्येही तोच टॅग आणि आयडी शून्य ठेवा, भांडण संपलं.

कोलॅप्स कीचं अजून एक. एका फोनसाठी एका वेळी चारच वेगवेगळ्या की रांगेत राहतात. प्रत्येक मार्गाला वेगळी की दिली, आणि एखादा डिलिव्हरीवाला पोरगा रायबंदर-चोडण, पणजी-बेती, जुने गोवे-दिवाडी, कुठ्ठाळी-मडकई आणि केरी-तेरेखोल असे पाचही मार्ग फॉलो करत असला तर एकाचा मेसेज गळणार, आणि कुठला गळणार याची गॅरंटी नाही. ऑर्डर नंबरला की करणारे तर यात लगेच अडकतात. असं असेल तर "काहीतरी बदललंय" एवढ्यासाठी एकच की ठेवा आणि फोन ऑनलाइन आल्यावर ॲपला सर्व्हरकडून ताजी स्थिती आणू द्या.

आयफोनवर त्या मानाने सोपं आहे, एपीएनएस म्हणजे ॲपलची पुश सेवा, तिचा एपीएनएस-कोलॅप्स-आयडी हा एकच हेडर स्क्रीनवरचं जुनंही बदलतो, फक्त तो 64 बाइटच्या आत पाहिजे. थ्रेड-आयडीने रिप्लेस होत नाही, तो नुसता गठ्ठा करतो. आणि जुनं पुसायला सायलेंट पुश (काही न दाखवता ॲपला जागं करणारा मेसेज) पाठवायची आयडिया सोडून द्या, आयओएस ते मनात आलं तर पोचवतं, आणि युजरने ॲप स्वाइप करून बंद केलं असेल तर ॲप जागंच होत नाही.

आता सगळ्यात वैताग देणारा बग. नवीन नोटिफिकेशन आलं, मजकूर बरोबर, पण टॅप केल्यावर जुनंच पान उघडतं. हा पेंडिंग इंटेंटचा (टॅप झाल्यावर काय उघडायचं हे अँड्रॉइडला आधीच सांगून ठेवलेलं असतं ते) घोळ. रिक्वेस्ट कोड तोच आणि फरक फक्त एक्स्ट्राजमध्ये (सोबत जोडलेल्या डेटामध्ये) असेल तर अँड्रॉइड दोन्ही इंटेंट एकच धरतो आणि जुना परत देतो. अपडेट करंटचा फ्लॅग लावा, किंवा प्रत्येक मार्गाला वेगळा रिक्वेस्ट कोड द्या. टेस्टिंगवाले मजकूर वाचून पास करतात, टॅप कोणी करत नाही, म्हणून हा थेट प्रोडक्शनला जातो.

मेसेज पाठवले त्याच क्रमाने पोचतील असं एफसीएम सांगत नाही. म्हणून डेटा मेसेजमध्ये (जो तुमचा कोडच हाताळतो) सर्व्हरचा टाइमस्टॅम्प घाला आणि स्क्रीनवर आहे त्यापेक्षा जुना आला तर सरळ टाकून द्या. वरचं "बंद" अशानेच वर चढतं.

टीटीएल, म्हणजे न पोचलेला मेसेज किती वेळ साठवायचा, हे कोणी भरतच नाही, आणि एफसीएमचा डिफॉल्ट 4 आठवडे आहे. जहाजावरचा तारवटी पंधरा दिवसांनी नेटवर्कमध्ये आला की त्याला "आज फेरी उशिरा" वाचायला मिळतं. अशा मेसेजला तास-दोन तास पुरे, एपीएनएसला एक्स्पायरेशनचा हेडर द्या, तिथे शून्य दिलं तर एकदाच प्रयत्न होतो आणि मेसेज साठवला जात नाही.

दर अपडेटला फोन वाजला तर लोक नोटिफिकेशन बंदच करतात. किरकोळ बदलाला अँड्रॉइडवर सेट ओन्ली अलर्ट वन्स (फक्त पहिल्यांदा वाजतं) लावा, आयफोनला साउंडच पाठवू नका. पण "बंद"चं "चालू" झालं की वाजलंच पाहिजे, नाहीतर गुपचूप बदललेलं कोण बघतोय? वेबवर उलटं आहे, तिथे तोच टॅग आला की आवाज न करता बदलतं, वाजवायचं असेल तर रीनोटिफाय ट्रू करावं लागतं.

सर्व्हरवर अजून एफसीएमची जुनी लेगसी एपीआय असेल तर यातलं काहीच तपासत बसू नका, ती 2024 च्या जुलैपासून बंद करायला घेतली, आधी एचटीटीपी व्ही-वन वर या.

टेस्ट करायला, रेंज घालवायला म्हणून अनमोड घाटात जायची गरज नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, एकाच मार्गाचे तीन मेसेज पाठवा, मग मोड काढा. तिन्ही येऊन तीन ओळी दिसल्या तर आधी कोलॅप्स की बघा. मग ऑनलाइन ठेवून तेच करा, ॲप एकदा उघडं आणि एकदा बंद. ऑफलाइनला एकच दिसतो आणि ऑनलाइनला तीन, तर कोलॅप्स की चालतेय, टॅग राहिलाय. उघड्या ॲपमध्येच घोळ असेल तर दोष तुमच्या कोडमधल्या आयडीचा. आणि प्रत्येक वेळी टॅप करून बघा.