पिशवीतली चिठ्ठी

क्लासिकल आर्किऑलॉजी, म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोमचं पुरातत्त्व व कलेचा इतिहास, शिकायचं मनात असलेली मुलं मला पहिल्यांदा उत्खननाबद्दल विचारतात. मी आधी त्यांच्या भाषांची चौकशी करते. ग्रीक मडक्यांची संग्रहालयवार सूची, कॉर्पस व्हॅसोरम अँटिक्वोरम, 1922 पासून छापली जाते आहे. तिचे खंड इंग्रजीत आहेत, तसेच जर्मन, फ्रेंच आणि इटालियनमध्येही. शिवाय लॅटिन आणि प्राचीन ग्रीक शिकावीच लागते. पुण्यात एम.ए. करून मी जर्मनीत गेले तेव्हा मला यातलं जेमतेम जर्मन येत होतं. पहिली दोन वर्षं भाषांतच गेली. शाळेतलं संस्कृत मात्र तिथे फार कामी आलं. ग्रीकमध्ये द्विवचन भेटलं तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. ज्यांचं संस्कृत बरं आहे त्यांनी या भाषांना अजिबात घाबरू नये.

जर्मन विद्यापीठांत प्लास्टरच्या प्रतिकृतींची दालनं असतात. ग्योटिंगेनचा संग्रह तर 1767 पासूनचा आहे. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लीटॉसचा ‘भालाधारी’ हा पुतळा मुळात ब्राँझचा होता. तो केव्हाच नाहीसा झाला, उरल्या त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला. त्यातली पाँपेईला सापडलेली नक्कल आज नेपल्सला आहे. एकाच मूर्तीच्या वेगवेगळ्या नकला शेजारी ठेवून कपाळावरच्या बटा एकेक करून ताडून बघायच्या, यात माझं एक अख्खं सत्र गेलं. सुरुवातीला कंटाळा येतो. नंतर डोळा आपोआप बटांवर जातो.

पण खरं काम शिकले ते ग्रीसमधल्या गोदामात. तिथे त्याला ‘अपोथिकी’ म्हणतात. उत्खनन उन्हाळ्यात काही आठवडे चालतं, खापरं मात्र वर्षानुवर्षं पुरतात. धुवायची, वाळवायची, काठ, बूड, कान आणि पोट असे ढीग लावायचे, मोजायची, वजन करायचं आणि मग त्यांची चित्रं काढायची. चित्र काढायला फोटो पर्याय नाही. काठाचा तुकडा एकात एक वर्तुळं आखलेल्या कागदावर टेकवून तोंडाचा व्यास काढायचा, मग एका बाजूला छेद आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचा भाग. काढताना भिंतीची जाडी कुठे बदलते ते हाताला कळतं. अथेन्सच्या भांड्यांवरच्या काळ्या झळाळीचा उलगडाही मला तिथेच झाला. तो काळा रंग म्हणजे वेगळं रसायन नव्हे. त्याच लोहयुक्त मातीचा अगदी बारीक गाळ भांड्यावर देतात. भट्टीत आधी हवा खेळू द्यायची, मग कोंडायची, मग पुन्हा सोडायची. कोंडलेल्या हवेत सगळं भांडं काळं पडतं. शेवटी उघडं अंग पुन्हा लाल होतं, पण गाळाचा थर काचेसारखा घट्ट झालेला असतो, त्यामुळे तेवढा भाग काळाच राहतो. हे कळल्यावर कुंभाराबद्दलचा माझा आदर कितीतरी वाढला.

माझी चूकही त्याच गोदामातली. खापरांच्या प्रत्येक पिशवीत खड्डा, थर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असते. पहिल्या हंगामात दोन पिशव्यांतली खापरं मी एकाच जाळीवर वाळत घातली आणि संध्याकाळी चिठ्ठ्यांची गल्लत झाली. त्यात लाल आकृत्यांच्या प्याल्याचा एक सुरेख तुकडा होता. मडक्यांवरचे चित्रकार ओळखण्याची, अभ्यासक जॉन बीझली यांची रीत आम्ही तेव्हा शिकत होतो. सही नसलेल्या चित्रातला कान, घोटा, गळ्याजवळचं हाड या रेषांवरून चित्रकाराचा हात ओळखायचा. रेषा सुंदरच होत्या, पण तो तुकडा घराच्या जमिनीवरचा की कचऱ्याच्या खड्ड्यातला, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मी त्या रात्री रडले.

म्हणूनच चोरीच्या वस्तूंबद्दल मी कठोर आहे, आणि तुम्हीही सुरुवातीपासून असा. प्राचीन अथेन्सचा चित्रकार युफ्रोनिओस याने रंगवलेला मोठा क्रॅटर, म्हणजे वाइनमध्ये पाणी मिसळायचं भांडं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1972 मध्ये सुमारे 10 लाख डॉलरला घेतला. तो इटलीतल्या एट्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या तिथल्या लोकांच्या) कबरीतून लुटलेला निघाला आणि 2008 मध्ये इटलीला परत गेला. भांडं परत आलं, पण कबरीत ते कशाशेजारी, कुणाजवळ ठेवलेलं होतं, ते परत येणं शक्य नाही. बाजारातून आलेल्या, ठावठिकाणा नसलेल्या वस्तूवर प्रबंध लिहायची संधी कुणी देऊ केली, तर नाही म्हणा.

पैशांचं थोडक्यात सांगते. जर्मनीत बहुतेक राज्यांच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, राहण्याखाण्याचा खर्च मात्र असतो. कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत. पीएच.डी.नंतर मी कित्येक वर्षं एकेका प्रकल्पाच्या करारावर काढली. घरच्यांना हे आधीच नीट सांगा.

निघण्याआधी एकदा कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जा. मी तिथलीच. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1940 च्या दशकातल्या उत्खननात सापडलेली पोसायडनची वीतभरही नसलेली ब्राँझ मूर्ती तिथे आहे. तिच्यासोबत रोमन घडणीची इतर भांडीकुंडी निघाली, आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांची इथल्या घडणीची छोटी मूर्तीही. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी कुणाच्या तरी सामानात, आपल्याकडच्या हत्तीशेजारी होता, हे आपल्याला ठाऊक आहे. पेन्सिल आणि कागद घेऊन जा, आणि तास-दोन तास तिच्यासमोर उभे राहून ती काढा.