नाण्याची ग्रेड ठरवताना या चुका टाळा: घ्यायचं माप कडक, विकायचं माप ढिलं?

मागच्या हिवाळ्यात इथं नागपुरातच एका प्रदर्शनात मी पंचम जॉर्जचा १९१९ चा रुपया घेतला. पाकिटावर ईएफ, म्हणजे एक्स्ट्रीमली फाईन, अगदी थोडंच झिजलेलं, ही ग्रेड लिहिलेली, भावही ईएफचाच दिला, आणि घरी येऊन खिडकीपाशी उन्हात तिरपा धरला तर राजाच्या कानाची कड सपाट, दाढीचे केस एकमेकांत मिसळलेले, आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेनं गेलेले बारीक बारीक ओरखडे. फोन केला तर दुकानदार म्हणे, "भाऊ, आपल्याकडे याले ईएफच म्हणतात." तो खोटं बोलत नव्हता हो. त्याचं माप ढिलं होतं आणि मी ते न विचारता कडक मापाचे पैसे मोजून आलो.

पहिली चूक हीच. ग्रेडची अक्षरं सगळीकडे तीच असतात पण माप ज्याचं त्याचं. १ ते ७० हा आकडा विल्यम शेल्डन या अमेरिकन संग्राहकानं १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठी काढला, मग तो बाकी नाण्यांनाही लागला. त्यात व्हीएफ (व्हेरी फाईन, मध्यम झिजलेलं) २० ते ३५, एक्सएफ (ईएफचंच अमेरिकन नाव) ४० आणि ४५, एयू (जवळजवळ न वापरलेलं) ५० ते ५८, आणि ६० पासून पुढं न वापरलेलं. ब्रिटिश पद्धत मुळात अक्षरांचीच आणि कडक, त्यांच्या ईएफला अमेरिकन मापानं बरेचदा एयू मिळतो. म्हणून कॅटलॉगमधला भाव पाहायच्या आधी त्यातच दिलेली ग्रेडची व्याख्या वाचा. कडक व्याख्येचा भाव ढिल्या ग्रेडच्या नाण्याला लावला की खिसा तिथंच कापला जातो.

दुसरी चूक म्हणजे साफ केलेलं नाणं चमकतं म्हणून वरची ग्रेड देणं. आपल्या घरोघरी लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये दर दिवाळीला चिंच, रांगोळी नाहीतर टूथपेस्टनं घासतात, आमच्या आईकडे पाच आहेत, पाचही लखलखीत, आणि पाचही ग्रेडिंगच्या हिशोबानं गेलेले. अशा नाण्याला ग्रेडिंग कंपन्या आकडाच देत नाहीत, नुसतं डिटेल्स, म्हणजे पृष्ठभाग बिघडलेलं, असं लिहितात. इथं कडकच राहा, कारण घासून गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

पण कडकपणाही चुकीच्या जागी लावतात लोक. ठसाच कमी बसलेलं नाणं झिजलं म्हणून खाली ढकलतात. कसं ओळखायचं? ट्यूबलाईट बंद करा, कारण तिचा उजेड पसरतो आणि ओरखडे लपतात. एकाच बल्बचा टेबल लॅम्प घ्या, पाच ते सात पट भिंग पुरे, आणि नाणं कडेला धरून हळूहळू फिरवा. टाकसाळीची चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. सपाट दिसणाऱ्या जागेवरूनही ती सलग गेली तर ठसा कमजोर, आणि तिथंच तुटून राखाडी चट्टा दिसला तर झीज. एवढं एक जमलं ना, तर अर्धी भांडणं मिटतात.

आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांना मशीनच्या रुपयाचं माप लावू नका बाप्पा! मोगल बादशहा अहमदशाहाच्या नावानं हातानं पाडलेली ही नाणी, ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर बसतच नाही. मजकूर कापलेला म्हणून खराब म्हणणारे इतवारीत सराफा ओळीतही भेटतात आणि मग चांगलं नाणं वितळवायला जातं, याचं फार वाईट वाटतं. इथं झीज वेगळी लिहा, ठसा वेगळा लिहा, टाकसाळीचं नाव दिसते का तेही लिहा.

सगळ्यात अवघड चूक आपलीच. एक काका रुपया विकायला आले, मी त्या रुपयाले फाईन, म्हणजे व्हीएफच्या खालची ग्रेड, म्हटलं, आणि रात्री ट्रे उघडला तर तेवढाच झिजलेला माझा रुपया मीच व्हीएफ लिहून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून फरकाचे पैसे दिले. तेव्हापासून एकाच प्रकारचे तीन रुपये, एक व्हीएफ, एक ईएफ, एक न वापरलेला, जाणकारांकडून नक्की करून कायमचे बाजूला ठेवलेत, घ्यायचं असो की विकायचं, नवीन नाणं आधी त्यांच्या शेजारी जाते. दोन ग्रेडमध्ये अडकलो तर चिठ्ठीवर लिहून, घडी घालून, आठ दिवसांनी चिठ्ठी न उघडता परत पाहतो. दोन्ही वेळा वेगळं आलं तर खालची धरतो, आणि विकताना नाण्याच्या दोन्ही बाजूंची ग्रेड वेगवेगळी सांगतो.

मऊ प्लास्टिकची पाकिटंही काढून टाका. पीव्हीसी असलं की नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात तो लवकर येतो. नुकताच आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, बुडवून ठेवा, घासू नका, आपोआप सुकू द्या.