पोर्तुगीज प्लेअर कोच झाला की त्याचं करिअर कसं वाचायचं

मोठ्या फुटबॉल क्लबने पोर्तुगीज कोच आणला की लोकं लगेच त्याच्या ट्रॉफ्या मोजतात आणि भारी नाहीतर फालतू असा निकाल लावून मोकळी होतात. तसं करू नका. ट्रॉफ्या सगळ्यात शेवटी बघायच्या, आधी हे बघायचं की माणूस आला तेव्हा क्लबची अवस्था काय होती आणि त्याच्या हाताशी काय होतं. उदाहरणाला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा आणि नंतर मँचेस्टर युनायटेडचा कोच राहिलेला रुबेन अमोरिम घेऊ.

प्लेअर म्हणून काय केलं ते पटकन बघून पुढे सरका. मिडफिल्डर, बेलेनेन्सेस क्लबमधून वर आला, 2008 मध्ये बेनफिका या मोठ्या क्लबकडे, तिथे 3 लीग टायटल, पोर्तुगालकडून 14 मॅच. चांगलंय, पण यावरून कोच कसा निघेल ते कळत नाही. सर्जिओ कॉन्सेसावने युरो 2000 मध्ये जर्मनीविरुद्ध हॅटट्रिक मारलेली, मोरिन्यो प्लेअर म्हणून कुणाच्या लक्षातही नाही, आणि कोच म्हणून दोघंही पोर्तो क्लबला चॅम्पियन करून गेले. हां, एक गोष्ट मात्र नोट करून ठेवायची, तो कुठल्या कोचच्या हाताखाली खेळला. अमोरिमला आधी बेलेनेन्सेसमध्ये आणि नंतर बेनफिकात, दोन्हीकडे जॉर्ज जेझुस हाच कोच मिळाला.

मग लायसन्स. हे कुणीच बघत नाही आणि सगळी गंमत इथेच असते. पोर्तुगालमध्ये कोचिंगच्या 4 लेव्हल आहेत, टॉप लीगमध्ये हेड कोच म्हणून नाव लावायचं तर चौथी लागते, म्हणजे युएफाचं (युरोपच्या फुटबॉल संघटनेचं) प्रो लायसन्स. अमोरिमने 2018 मध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या कासा पियात सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे लागणारं लायसन्सच नव्हतं, तरी बेंचवरून सूचना देत होता, त्यावरून फेडरेशनने कारवाई केली आणि 2019 च्या सुरुवातीला तो तिथून निघाला. पुढे स्पोर्टिंगला गेला तेव्हाही सुरुवातीला कागदावर हेड कोच म्हणून दुसऱ्याचंच नाव होतं, त्यावरून कोच लोकांच्या संघटनेने तक्रारही केली. त्यामुळे पोर्तुगीज कोचचे सुरुवातीचे रेकॉर्ड बघताना कागदावरचं नाव आणि टीम खरंच चालवणारा माणूस एकच आहे का ते तपासा.

पुढची स्टेप, तो कुठून कुठे आणि किती वेगात गेला. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रागा क्लबची बी टीम, डिसेंबरमध्ये मेन टीम, जानेवारीत फायनलला पोर्तोला हरवून लीग कप, आणि मार्च 2020 मध्ये स्पोर्टिंगने त्याचा 1 कोटी युरोचा रिलीज क्लॉज (करार मोडून न्यायचं तर द्यावी लागणारी ठरलेली रक्कम) भरला. कोचसाठी! तेही मेन टीमसोबत तीन महिनेसुद्धा न काढलेल्या. पोर्तुगालमध्ये प्लेअरसारखा कोचच्या करारातही क्लॉज असतो, त्यामुळे हा आकडा शोधायचाच, क्लबने त्याच्यावर किती मोठा डाव लावला ते त्यावरून दिसतं.

आता ट्रॉफ्या. पोर्तुगीज लीग बेनफिका, पोर्तो आणि स्पोर्टिंग सोडून आजवर फक्त दोघांनी जिंकलीये, 1946 मध्ये बेलेनेन्सेस आणि 2001 मध्ये बोआविश्ता. म्हणजे या तिघांपैकी एकाकडे राहून टायटल जिंकलं एवढ्यावर हुरळून जायचं नाही. पण अमोरिमचं 2021 चं टायटल वेगळं, कारण स्पोर्टिंगने त्याआधी 19 वर्षं लीग जिंकली नव्हती, 2018 मध्ये फॅन्सनी अकादमीत घुसून स्वतःच्याच प्लेअर्सना मारलेलं, कित्येकजण करार तोडून निघून गेलेले, आणि 2019-20 च्या सीझनमध्ये हा चौथा कोच होता. तिथून नुनो मेंडेससारखी अकादमीची पोरं घेऊन पुढच्या अख्ख्या लीगमध्ये एकच मॅच हरला, तीही टायटल पक्कं झाल्यावर. माझ्या मते एवढ्या एका सीझनवर दुसऱ्या कुणाच्या तीन ट्रॉफ्या ओवाळून टाकाव्यात.

अपयशालाही हाच नियम लावायचा. नोव्हेंबर 2024 मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला, लीगमध्ये 15 वा नंबर आणि युरोपा लीगच्या फायनलला टॉटनहॅमकडून हार. इथे दोन गोष्टी बघायच्या, एक म्हणजे तो सीझनच्या मधेच आला, त्याला स्वतःला सीझन संपल्यावर यायचं होतं, आणि दुसरं म्हणजे तीन डिफेंडरवाली सिस्टिम पहिल्या दिवसापासून आणली, पण प्लेअर दुसऱ्याच पद्धतीसाठी घेतलेले. पहिली गोष्ट नशिबाची म्हणू, दुसरी मात्र त्याच्याच खात्यात, तिथे त्याला सूट नाही.

हीच पद्धत कॉन्सेसावला लावून बघा. 2017 मध्ये पोर्तोला आला तेव्हा बेनफिका सलग चारदा चॅम्पियन झालेली आणि युएफाच्या आर्थिक नियमांमुळे पोर्तोला खरेदीची जवळपास बंदीच होती, मग लोनवर पाठवलेले मारेगा, अबुबकर परत बोलावले आणि त्यांच्यावरच लीग काढली. आणि त्याच्याही आधी फ्रान्सच्या नॉंतला आला तेव्हा टीम रेलिगेशनमध्ये (खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलल्या जाणाऱ्या नंबरांत) अडकलेली, सीझन संपला सातव्या नंबरावर. ट्रॉफीच्या कॉलममध्ये नॉंतच्या या कामाचं काहीच दिसणार नाही.