कॅलिफोर्नियात नव्याने आलात? क्लिपबोर्डवर सही करण्याआधी हे वाचा

सुपरमार्केटच्या दाराशी क्लिपबोर्ड घेतलेला माणूस तुम्हाला कधी ना कधी गाठणारच. "रजिस्टर्ड व्होटर आहात का? एक सही द्या." नुकत्याच आलेल्या माणसाला हा एखाद्या संस्थेचा सह्यांचा उपक्रम वाटतो आणि भिडेखातर सही होऊन जाते. ती करू नका. तो कागद राज्याची घटना बदलण्याच्या प्रक्रियेतला कायदेशीर दस्तऐवज असू शकतो आणि त्यावर सही करण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत मतदाराला, म्हणजेच अमेरिकन नागरिकाला आहे. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, ग्रीन कार्ड, काहीही असो, उत्तर एकच: "मी नागरिक नाही." एवढं म्हटलं की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

याहून मोठा धोका डीएमव्हीत, म्हणजे वाहन परवाना देणाऱ्या राज्याच्या खात्यात आहे. लायसन्सच्या अर्जातच नागरिकत्वाचा आणि मतदार नोंदणीचा प्रश्न असतो, आणि २०१८ पासून पात्र माणसाने नको म्हटलं नाही तर नोंदणी आपोआप होते. घाईत चुकीचं बटण दाबू नका. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान केलंत का, हे पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, एन-४०० मध्ये, थेट विचारतात. मतदान केलं असेल तर प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं. चुकून मतपत्रिका घरी आलीच तर ती भरू नका. काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, निवडणूक कार्यालयाला नोंदणी रद्द करायला लेखी कळवा, पत्राची प्रत जपून ठेवा आणि एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा.

आता ही प्रक्रिया नेमकी काय आहे ते पाहू. भारतात घटनादुरुस्ती कलम ३६८ नुसार संसद करते, नागरिकाने मसुदा मांडण्याची सोय नाही. इथे राज्याला स्वतःची घटना आहे, आणि १९११ मध्ये, हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना, मतदारांनी हा अधिकार स्वतःकडे घेतला. दुरुस्तीचा मसुदा २,००० डॉलर फीसह ॲटर्नी जनरलकडे द्यायचा. प्रस्ताव मतपत्रिकेवर गेला तर फी परत मिळते. ३० दिवस लोकांच्या सूचनांसाठी असतात. मग ॲटर्नी जनरल शीर्षक आणि जास्तीत जास्त १०० शब्दांचा सारांश ठरवतात. तिथून सह्या गोळा करायला १८० दिवस मिळतात. घटनादुरुस्तीसाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या ८ टक्के सह्या लागतात, साध्या कायद्यासाठी ५ टक्के. २०२२ च्या मतांवरून हे आकडे ८,७४,६४१ आणि ५,४६,६५१ येतात. मतदानाच्या १३१ दिवस आधी पात्रता ठरावी लागते. पुढे साधं बहुमत पुरतं. अट अशी की प्रस्ताव एकाच विषयाचा हवा आणि घटनेचा ढाचाच बदलणारा नसावा.

सगळ्या सह्या एकेक करून सहसा तपासत नाहीत. प्रत्येक काउंटी ३ टक्के किंवा ५००, यांतला जो आकडा मोठा तेवढ्या सह्या नमुना म्हणून पाहते. त्यावरून काढलेला राज्याचा अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर प्रस्ताव पात्र, ९५ च्या खाली गेला तर बाद, मधे असला तरच एकूण एक सही तपासतात. नमुन्यात एकाच माणसाच्या दोन सह्या सापडल्या की मोठ्या काउंटीत सूत्रानुसार त्यापोटी हजाराच्या आसपास सह्या वजा होतात. म्हणून "आधी केली होती का आठवत नाही, परत करतो" असं करू नका. जाणूनबुजून दोनदा सही करणं गुन्हाही आहे.

नागरिक झाल्यावरही सही बाद होण्याची नेहमीची कारणं साधी असतात. घर बदललं पण नोंदणीवर जुनाच पत्ता राहिला, पोस्ट बॉक्स लिहिला, किंवा कागद दुसऱ्या काउंटीचा निघाला. फ्रीमाँट अलामीडा काउंटीत, सनीव्हेल सँटा क्लारात, आणि प्रत्येक कागद एकाच काउंटीच्या मतदारांसाठी असतो. नाव आणि पत्ता स्वतःच्या हाताने लिहा. सह्या जमवणाऱ्याला बहुधा दर सहीमागे पैसे मिळतात, तेव्हा त्याच्या तोंडच्या दोन वाक्यांवर विसंबू नका. छापलेला सारांश वाचा, मुख्य देणगीदारांची यादी मागा. मन बदललं तर सह्यांचा कागद दाखल होण्याआधी काउंटीला लेखी कळवून सही मागे घेता येते.

एवढी काळजी कशाला, हे घर घेताना कळतं. ६ जून १९७८ रोजी मंजूर झालेल्या प्रपोझिशन १३ ने (प्रपोझिशन म्हणजे मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधला आणि विक्री होईपर्यंत मूल्यांकन वर्षाला फार तर २ टक्के वाढेल असं ठरवलं. शेजाऱ्याने १९९० मध्ये ३ लाख डॉलरला घेतलेल्या घराचं मूल्यांकन ३५ वर्षांत फार तर ६ लाखांपर्यंत जातं, मूळ कर ६,०००. तुम्ही तसंच घर १५ लाखांना घेतलंत तर १५,०००. वर स्थानिक बाँडचे, म्हणजे शाळा वगैरेंसाठी काढलेल्या कर्जाचे, पैसे वेगळे. जाहिरातीतला कर जुन्या मालकाचा असतो, त्यावर बजेट मांडू नका. खरेदीनंतर येणारं पुरवणी कराचं बिल बहुधा थेट तुमच्या पत्त्यावर येतं, बँक ते परस्पर भरेल असं धरून चालू नका. हा नियम घटनेत असल्यामुळे विधिमंडळ एकट्याने तो बदलू शकत नाही, पुन्हा मतदारांकडेच जावं लागतं. व्यापारी मालमत्तेपुरता तो सैल करणारं प्रपोझिशन १५ मतदारांनी २०२० मध्ये नाकारलं. एकदा घटनेत गेलेलं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आमच्या मते घटनादुरुस्तीची सही कायद्याच्या सहीपेक्षा दुप्पट विचाराने करायला हवी.

न्यू जर्सी किंवा टेक्सासला गेलात तर नागरिकांनी राज्यघटनेची दुरुस्ती मांडायची सोयच नाही. फ्लोरिडात आहे, पण मंजुरीला ६० टक्के मतं लागतात.

नागरिकत्वाची शपथ झाली की लगेच मतदार नोंदणी करा. नेहमीची मुदत मतदानाच्या १५ दिवस आधी संपते. मतपत्रिका टपालाने घरी येते, सोबत राज्याची माहितीपुस्तिकाही. तिच्यातला लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्टचा, म्हणजे विधिमंडळाच्या तटस्थ आर्थिक सल्लागाराचा, भाग आधी वाचा, खर्च आणि परिणाम तिथे असतात, बाजू घेणारे लेख नंतर. आईवडील नागरिक असतील तर पुस्तिका हिंदीत मागवा. "हो" म्हणजे बदल करा आणि "नाही" म्हणजे आहे तसं राहू द्या, हे प्रत्येक प्रस्तावात पडताळून घ्या, जुनी तरतूद काढून टाकणाऱ्या प्रस्तावात हमखास गोंधळ होतो. एखादा प्रश्न कोरा सोडला तरी बाकीची मतं मोजली जातात. पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीसारखी हवी. जुळली नाही तर काउंटीचं पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर दिलं तरच मत धरलं जातं.